भिंत उंच करू नका, मागं घ्या : आंबिल ओढ्याकाठच्या सोसायट्यांच्या चेअरमन-सेक्रेटरींना खुलं पत्र

सर्व चेअरमन साहेब, सेक्रेटरी साहेब, मॅडम आणि कमिटी मेंबर यांना नमस्कार,

तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या गाड्या माझ्याकडं येतात. टू व्हीलरचं गॅरेज आहे, पुण्यात पद्मावती ते अरण्येश्वर या पट्ट्यात, आंबिल ओढ्यापासून चाळीसेक पावलांवर. नाव लिहीत नाही, जाहिरात करायची नाहीये आणि ओळखणारे ओळखतीलच. मागच्या आठवड्यात एका सोसायटीचे सेक्रेटरी गाडी सर्व्हिसिंगला टाकायला आले आणि बोलता बोलता म्हणाले की यंदा एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, ओढ्याकडची भिंत अजून चार फूट वर घ्यायचा ठराव आणतोय, थोडे सिंकिंग फंडातून (मोठ्या दुरुस्तीला साठवलेले पैसे) आणि बाकीचे पर फ्लॅट काढू, एकदा आरसीसीत (सळ्या घातलेल्या काँक्रीटमध्ये) केली की कटकट कायमची मिटली. मी तेव्हा काही बोललो नाही. ब्रेक शू गेलेत एवढं सांगितलं आणि गाडी आत घेतली. पण रात्री डोक्यातनं जाईना म्हणून हे लिहितोय, मोबाईलवर लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

२५ सप्टेंबर २०१९. तुम्हाला तारीख सांगायची गरज नाही पण नंतर फ्लॅट घेतलेले आणि भाड्यानं आलेले बरेच लोक आहेत, त्यांना ब्रोकर हे सांगत नाही. बुधवार होता, रात्री कात्रजच्या डोंगरावर ढग असा काही ओतला की ओढा बघता बघता रस्त्यावर आला. सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल, सगळीकडं तेच. टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. शहर आणि जिल्हा मिळून त्या रात्री वीसच्या वर लोक गेले. मी गॅरेजच्या माळ्यावर होतो, स्पेअर पार्टच्या खोक्यांमध्ये, आणि एक गोष्ट डोळ्यांनी बघितली ती सांगतो. समोरच्या सोसायटीची ओढ्याकडची भिंत उभी होती तोपर्यंत आमच्या रस्त्यावर पाणी गुडघ्याला होतं. भिंतीनं बराच वेळ दम धरला, आणि मग ती एकदम गेली, आणि गेली ती विटा सुटून नाही गेली, अख्खी आडवी झाली. पुढच्या मिनिटाला पाणी माणसाच्या छातीएवढं. माझ्या समोरून तीन कार आणि एक टेम्पो असे गेले जसे काही लहान पोरानं हौदात सोडलेत. दोन फूट वाहतं पाणी असलं की कार उचलली जाते हे मी ऐकून होतो, त्या रात्री बघितलं.

मग दिवाळीपर्यंत माझ्याकडं फक्त बुडालेल्या गाड्या. आमच्या धंद्यातल्या माणसाला पूर हा इंजिनच्या आतून दिसतो. पाणी गेलेल्या गाडीचं ऑईल काढलं की ते दुधाच्या चहासारखं निघतं. ज्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी घाबरून सेल मारून बघितला त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे कनेक्टिंग रॉड वाकले, कारण सिलिंडरमध्ये हवा असली तर ती दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो आणि पाण्यावर आपटतो, आणि मग लोखंडालाच वाकावं लागतं. ज्यांनी हात न लावता ढकलत आणली त्यांच्या गाड्या प्लग काढून, टाकी-कार्ब्युरेटर धुवून, ऑईल दोन-तीनदा बदलून चालू झाल्या. पाणी दाबलं जात नाही, हे तेवढं लक्षात ठेवा, भिंतीच्या वेळी परत लागणार आहे.

अजून एक. एअर फिल्टर उघडले तेव्हा मला वाटलं ओढ्याचा काळा वास मारणारा गाळ निघेल. निघाला तांबूस मुरूम. म्हणजे तो आपल्या इथला नव्हता, वरचा होता, जिथं डोंगर फोडून प्लॉट पाडलेत तिथला.

आता जरा मागं जातो. जवळजवळ एक वर्ष आधी, २७ सप्टेंबर २०१८ ला, पाऊस नाही काही नाही, कडक ऊन, आणि सकाळी जनता वसाहतीजवळ मुठा उजवा कालवा फुटला आणि सगळं पाणी दांडेकर पुलाच्या वस्तीत घुसलं. तेव्हाचे जलसंपदा मंत्री म्हणाले उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी कालवा पोखरला. पुढच्या वर्षी जुलैत कोकणात तिवरे धरण फुटलं तेव्हा दुसऱ्या एका मंत्र्यांनी पण खेकडेच सांगितले. तेव्हापासून गिऱ्हाईकानं दोन दोन वर्षं ऑईल न बदलता गाडी आणली आणि विचारलं की काय हो झालं हिला, तर मी खेकडे म्हणून सांगतो. पण दांडेकर पुलाच्या लोकांचा विचार करा. बारा महिन्यांत दोनदा घर धुवून निघालं, एकदा कालव्यानं आणि एकदा ओढ्यानं.

कालवा माणसानं केलेला, तो फुटला तर कोणाला तरी जाब विचारता येतो, निदान खेकड्याला तरी. ओढ्याचं आपण म्हणतो की निसर्ग आहे, कोप झाला, ढगफुटी झाली, काय करणार. मीपण असंच म्हणायचो. पण माझं लहानपण शुक्रवार पेठेत गेलंय, आमच्या वाड्यात हौद होता आणि आजी त्याला हौदाचं पाणी कधी म्हणाली नाही, कात्रजचं पाणी म्हणायची. कुठं कात्रज, कुठं शुक्रवार पेठ. मोठा झाल्यावर एक एक कळत गेलं आणि मग हा ओढा मला वेगळाच दिसायला लागला.

जुनं पुणं म्हणजे पूर्वेला नागझरी, पश्चिमेला आंबिल ओढा आणि उत्तरेला मुठा, या तिघांच्या मधलं गाव. आज ओढा पर्वतीपाशी दांडेकर पुलाखालून तिकडं मुठेला जातो ना, तसा तेव्हा जात नव्हता. तो पर्वतीकडून थेट गावाच्या अंगाला यायचा, आजच्या पेठांमधून वाहत जाऊन मुठेला मिळायचा आणि पावसाळ्यात गावात शिरायचा. काही जण दादोजी कोंडदेवांच्या काळापासून त्याला वळवल्याचं सांगतात. पण मोठं काम झालं ते नानासाहेब पेशव्यांच्या वेळी, १७५० च्या आसपास आणि पुढची काही वर्षं. कात्रजला धरण बांधून तळी केली, तिथून दगडी नळ काढून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि गावातल्या हौदांपर्यंत नेलं, त्या नळावरचे उच्छ्वास, म्हणजे आतली हवा सोडायला बांधलेले मनोरे, अजून सातारा रस्त्याच्या बाजूनं कुठं कुठं उभे आहेत, लोकांना ते देवळाचे कळस वाटतात. खाली पर्वतीच्या पायथ्याला ओढा अडवून मोठं तळं केलं, ज्यात तळ्यातला गणपती बसला. आणि ओढ्याला नवीन वाट करून गावाच्या बाहेरून पश्चिमेनं मुठेत सोडला. मोकळ्या झालेल्या बाजूला पेठा वाढल्या. सदाशिव पेठेतल्या लोकांना हे सांगून बघा की तुम्ही ओढ्यात राहता, ते लगेच कागद मागतील.

म्हणजे पर्वतीच्या खालचा जो तुकडा आपण नैसर्गिक ओढा नैसर्गिक ओढा म्हणतो तो माणसानं खणलेला पाट आहे, पुराचं पाणी गावाबाहेर काढायला केलेला. आपल्या इथला वरचा तुकडा खरोखर नैसर्गिक होता, पण तोही आता कुठं राहिलाय, कुठं सरळ केला, कुठं स्लॅब टाकला, कुठं दोन्ही बाजूनं भिंतीत घातला. केलेलाच आहे तोही. फरक एवढाच की पेशव्यांनी पाणी बघून केला आणि आपण प्लॉटची हद्द बघून केला.

आणि त्यांनी नुसती वाट केली नव्हती. वर कात्रजला तळी, पाणी दम खाऊन खाली यायचं. मध्ये मोकळी रानं, पसरायला जागा. खाली पर्वतीचं तळं, परत दम. आणि मग जे उरेल ते गावाबाहेरून नदीत. एकच यंत्र होतं ते, त्याचे तीन-चार पार्ट. आता आपण काय केलंय बघा. कात्रजच्या तळ्यात वर्षानुवर्षं गाळ बसला. मधल्या रानांचे फ्लॅट झाले, त्यातच तुम्ही आम्ही राहतो. पर्वतीच्या तळ्याची सारसबाग झाली आणि पेशवे पार्क झालं. गंमत म्हणजे पेशवे पार्कातले प्राणी नंतर कात्रजला हलवले, म्हणजे वाघ खालच्या तळ्यावरून वरच्या तळ्यावर गेला, पाणी तेवढं आपल्याकडं राहिलं. आणि गावाबाहेरची वाट आता गावाच्या मधोमध आलीय. इंजिनमधनं तीन पार्ट काढून टाकायचे आणि चौथ्यावर सगळा लोड द्यायचा, वर म्हणायचं की गाडी ओढत नाही.

आता तुमची भिंत. मी इंजिनिअर नाही, आयटीआय आहे, पण पाण्याचं साधं आहे. ओढ्यातनं एवढं पाणी जायचंच असेल आणि तुम्ही वाट अरुंद केली तर ते एक तर वर चढणार नाहीतर जोरात पळणार, बहुतेक दोन्ही करणार, कारण ते दाबलं जात नाही. गुळगुळीत आरसीसी भिंतीला घासून पाणी कमी अडतं म्हणजे अजून जोरात, आणि वेग दुप्पट झाला की धक्का दुप्पट नाही, चौपट बसतो. तो धक्का तुमच्या भिंतीला बसेलच असं नाही, तुमची नवीन असेल, भक्कम असेल, मग तो तुमच्या खालच्या सोसायटीच्या जुन्या भिंतीला बसेल, आणि त्यांच्या नाही तर समोरच्या बैठ्या घरांना. ते लोक मग पुढच्या वर्षी तुमच्यापेक्षा दोन फूट उंच बांधतील. सगळ्यांनी उंच बांधली की मग काय, सगळेच परत आहे तिथं, फक्त पाणी दोन मजले उंच आणि खाली दांडेकर पुलाला तोफेसारखं. तिथं मुठेला आधीच खडकवासल्यातनं सोडलेलं पाणी असलं तर ओढ्याला आत घेणार कोण, तो तिथं तुंबतो आणि मागं मागं आपल्याकडं फुगत येतो.

दुसरं म्हणजे ओढ्याचं पाणी आत येऊ नये म्हणून भिंत बांधता ते ठीक, पण सोसायटीच्या आत पडलेल्या पावसाचं काय. गच्च्यांचं पाणी, पेव्हिंग ब्लॉकवरचं पाणी, रस्त्यावरून गेटातनं आत येणारं पाणी, ते सगळं उतारानं ओढ्याकडंच जातं आणि तुमच्या त्या भिंतीपाशी येऊन थांबतं. भिंतीला ठेवलेल्या चार इंची पाइपातनं ते जाणार, जर त्या पाइपात कोणी गुटख्याच्या पुड्या कोंबल्या नसतील तर. २०१९ ला दोन सोसायट्यांचं पार्किंग मी सांगू शकतो जे ओढ्यानं नाही भरलं, स्वतःच्याच पाण्यानं भरलं.

पाणी किती असतं याचा अंदाज यावा म्हणून एक हिशोब करतो. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा लाख लिटर पाणी होतं. समजा डोंगरापासून आपल्यापर्यंत नुसतं दहा चौरस किलोमीटर धरलं आणि पन्नास मिलिमीटर पाऊस धरला, तर पन्नास कोटी लिटर. तुमच्याकडं मार्चपासून जे दहा हजार लिटरचे टँकर येतात, ते पन्नास हजार टँकर. पूर्वी त्यातलं बरंच जमिनीत मुरायचं, आता वर सगळा सिमेंटचा कोबा, त्यामुळं टँकर सगळे एकदमच येतात, एक-दोन तासात, एकामागं एक नाही, शेजारी शेजारी. या टँकरच्या रांगेला आपण जी वाट ठेवलीय ती काही ठिकाणी माझ्या गॅरेजच्या शटरपेक्षा थोडी मोठी आहे.

कोणी म्हणतं की असा पूर शंभर वर्षातून एकदा येतो, झाला २०१९ ला, आता आपण मेलो तरी येत नाही. नदीच्या नकाशात निळी रेषा असते ती पंचवीस वर्षातून एकदाच्या पुराची आणि लाल असते ती शंभर वर्षातून एकदाच्या पुराची, त्यातनं हा गैरसमज झालाय. त्याचा अर्थ एवढाच की दर वर्षी शंभरात एक चान्स. आला म्हणून पुढची नव्याण्णव वर्षं सुट्टी नाही. तीस वर्षांचं होमलोन घेतलं असेल तर ते फिटेपर्यंत असा पूर निदान एकदा बघायचा चान्स साधारण चारात एक निघतो. माझ्या मुलीनं कॅल्क्युलेटरवर काढून दिलं, तुम्ही पण काढून बघा. आणि हे पण पाऊस आणि जमीन पूर्वीसारखीच राहिली असं धरून.

आता जे ऐकून सगळ्यात जास्त राग येतो ते सांगतो, कोणाला झोंबलं तर झोंबू द्या. पूर झाल्यापासून दर मीटिंगला, दर ग्रुपवर एकच, खाली झोपडपट्टीवाल्यांनी ओढा अडवलाय म्हणून पाणी तुंबतं. २४ जून २०२१ ला दांडेकर पुलाजवळ ओढा सरळ करायचा म्हणून घरं पाडायला सुरुवात झाली, भर पावसाळ्यात आणि कोरोनात, लोक रस्त्यावर आले, शेवटी कोर्टानं त्याच दिवशी थांबवलं. तेव्हा आपल्याकडं कितीतरी जणांनी बरं झालं म्हणून अंगठे टाकलेले मी बघितलेत. वस्ती ओढ्यात आहे हे खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण मग बँकेचं कर्ज काढून, सातबारा लावून, आर्किटेक्टची सही घेऊन जी आपली पार्किंग ओढ्यात आहे, तो जो ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा ओढ्यात आहे, ती जी जनरेटरची रूम आणि तो जो कोपऱ्यातला गणपती मंडळाचा पत्रा ओढ्यात आहे, त्याला काय म्हणायचं. त्यांचं अतिक्रमण आणि आपलं ब्यूटिफिकेशन? पाणी वरून खाली येतं साहेब. खालच्यांनी अडवलं तर आपल्याला तुंब येतो हे बरोबर, पण आपण वर जी वाट आवळली त्याचा मार सगळा त्यांना बसतो, आणि त्यांच्याकडं पहिला मजला नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की भिंत उंच करू नका, मागं घ्या. आधी मोजा. तुमचा मंजूर नकाशा काढा, मोजणीचा नकाशा काढा, त्यात ओढ्याची रुंदी किती लिहिलीय आणि आज तुमच्या कठड्यापासून समोरच्या कठड्यापर्यंत किती आहे ते टेप लावून बघा. जिथं जागा खाल्लेली निघेल तिथं भिंत मागं घ्या, दहा फूट नाही जमलं तर पाच घ्या, चार कारचं पार्किंग जाईल, जाऊ द्या, त्या पुरात याच्या कितीतरी पट गेल्यात. ओढ्याकडच्या बाजूला भरीव भिंतीच्या जागी मजबूत जाळी चालते का ते एखाद्या चांगल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, म्हणजे आतलं पाणी बाहेर जाईल आणि बाहेरचं आलं तरी भिंत आधी धरण होऊन मग बाँबसारखी फुटणार नाही. जिथं काठ सुटतोय, बिल्डिंगच्या पायाला धोका आहे, तिथं भिंत लागणारच, ती बांधा, तिला माझा विरोध नाही, पण आहे त्या काठावर बांधा, चार फूट ओढ्यात सरकून नको. आणि फ्लॅटच्या रिनोव्हेशनचा राडारोडा रात्री गुपचूप टेम्पोनं ओढ्यात पडतो तो कोणाच्या गेटातनं निघतो हे वॉचमनला माहीत असतं, तुम्ही विचारत नाही म्हणून तो सांगत नाही.

वॉचमनवरून आठवलं, हे खरं तर वर लिहायला पाहिजे होतं. त्या रात्री पाणी कात्रजकडं आधी वाढलं आणि आपल्याकडं नंतर, दांडेकर पुलाला त्याच्या नंतर. मधे थोडा तरी वेळ होता. त्या वेळात वरच्यांनी खालच्यांना नुसता एक फोन केला असता तरी पार्किंगमधून माणसं वर गेली असती, गाड्या जाऊ देत. मागच्या पावसाळ्यात मी एक ग्रुप केला, कात्रजपासून खाली पुलापर्यंत, ओढ्याला लागून असलेल्या वॉचमन लोकांचा. रात्री जागे तेच असतात. आत्ता त्यात एकोणीस जण आहेत, अकरा वॉचमन, एक चहावाला, एक पंक्चरवाला, दोन रिक्षावाले, वस्तीतले चार. फोटो टाकायचा, पाणी मोरीच्या (रस्त्याखालच्या छोट्या पुलाच्या) कितव्या दगडाला लागलंय ते लिहायचं, बाकी गुड मॉर्निंग बंद. चालतो चांगला. जुलैत दोनदा उपयोग झाला. तुमच्यातल्या सहा जणांना मी लिंक पाठवली होती, एकानं विचारलं की अॅडमिन कोण आहे, बाकीच्यांनी बघितली सुद्धा नाही, निळी टिक आलीच नाही. वस्तीतल्या बाईंनी मात्र पहिल्या दिवशी विचारलं की मी वर काय कळवायचं, मी तर सगळ्यात खाली आहे. मग ठरलं की नदी फुगली की त्यांनी कळवायचं, कारण तुंब खालून वर येतो.

तर ठरावाच्या आधी एकदा मोजून घेऊ. माझ्याकडं तीस मीटरचा टेप आहे, रविवारी गॅरेज बंद असतं, सकाळी आठ ते दहा मी मोकळा आहे. ज्या सोसायटीला पाहिजे त्यांनी वॉचमनकडं निरोप ठेवा, तो ग्रुपवर टाकेल. समोरच्या काठाला टेप धरायला माणूस लागेल, तो पण वस्तीतून मिळेल, त्याला चहा पाजा.

आपला,
ओढ्याकाठचा गॅरेजवाला

ता. क. : यंदा कोणाची गाडी बुडालीच तर सेल मारू नका, किक मारू नका, चावी पण फिरवू नका. ढकलत आणा. रात्री आणली तरी शटर वाजवा.